धडधाकट पोरालाही कॅन्सर होतो, आणि तो बराही होतो



कॅन्सरचं नाव निघालं की आपल्या वस्तीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "तो म्हाताऱ्या माणसांना होतो." दुसरं, "झाला म्हणजे माणूस गेलाच." या वेळी अशा एका कॅन्सरबद्दल लिहिते आहे, ज्याच्या बाबतीत ही दोन्ही वाक्यं खोटी ठरतात. तो जास्त करून १५ ते ४० या वयातल्या पुरुषांना होतो. म्हणजे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी, भीमजयंतीच्या स्पर्धेत कबड्डी खेळणारी, ऊसतोडीला गुजरातेत जाणारी आपली पोरं. आणि तो बरा होणाऱ्या कॅन्सरमध्ये अगदी वरच्या नंबरचा आहे. वृषणातला हा कॅन्सर झालेल्या शंभर जणांपैकी पंच्याण्णवच्या आसपास पुरुष योग्य उपचारांनी वाचतात.

मग लिहायचं कशासाठी? कारण जे थोडे जातात, त्यांच्यातले बरेच उशिरामुळे जातात. आणि उशीर होतो तो बहुतेक वेळा लाजेमुळे.

युवराज सिंगचं उदाहरण

क्रिकेटपटू युवराज सिंग सगळ्यांना माहीत आहे. २०११ चा विश्वचषक आठवा. त्या स्पर्धेत त्याने ३६२ धावा केल्या, १५ बळी घेतले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २ एप्रिल २०११ ला मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने कप जिंकला, तेव्हा तो नाबाद होता. पण त्या दिवसांत त्याला खोकला होता, धाप लागत होती, उलट्या होत होत्या. २० मार्चला चेन्नईत वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने ११३ धावा काढल्या, त्या मैदानावर उलट्या करत. लोकांना वाटलं, उन्हाचा त्रास असेल. वय होतं २९. अंगापिंडाने मजबूत. कॅन्सरची शंका कोणाला येणार?

त्याच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, हृदयाजवळ गाठ होती. विश्वचषकानंतरही तो काही महिने खेळत राहिला. पुढे तपासण्यांमधून कळलं की ही गाठ 'सेमिनोमा' नावाचा बीजपेशींचा कॅन्सर आहे. सुरुवातीला बातम्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर असं छापून आलं होतं. प्रत्यक्षात जात वेगळी होती, आणि तीही उपचारांना चांगली दाद देणारी. २०१२ च्या सुरुवातीला अमेरिकेत इंडियानापोलिस इथे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली त्याला केमोथेरपीच्या तीन फेऱ्या दिल्या गेल्या. मार्चमध्ये उपचार संपले, एप्रिलमध्ये तो भारतात परतला, आणि ११ सप्टेंबर २०१२ ला चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा भारताकडून खेळला. जानेवारी २०१७ मध्ये कटकला इंग्लंडविरुद्ध त्याने १५० धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतली त्याची ती सगळ्यात मोठी खेळी, आणि ती कॅन्सरनंतरची आहे. पुढे तो बापही झाला.

दुसरं उदाहरण फुटबॉलचं. सेबास्टियन हालर हा आयव्हरी कोस्ट देशाचा खेळाडू. जुलै २०२२ मध्ये जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबमध्ये गेला आणि काही दिवसांतच वृषणात गाठ निघाली. दोन ऑपरेशनं आणि केमोच्या चार फेऱ्या झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये तो परत मैदानावर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिका खंडाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या देशासाठी विजयी गोल त्यानेच मारला.

ही मोठी माणसं, पैसेवाली माणसं, असं कोणी म्हणेल. पण ज्या औषधांनी अशी माणसं बरी होतात, ती औषधं काही श्रीमंतांसाठी राखीव नाहीत. ते पुढे सांगते. आधी आजार समजून घेऊ.

बीजपेशींचा कॅन्सर म्हणजे काय?

पुरुषाच्या अंडकोषाच्या पिशवीत दोन गोट्या असतात. त्यांना वृषण म्हणतात. वीर्यातले शुक्राणू तिथे बनतात. ज्या मूळ पेशींपासून शुक्राणू बनतात, त्या बीजपेशी. या पेशी बेलगाम वाढू लागल्या की कॅन्सर होतो. बहुतेक वेळा तो वृषणातच सुरू होतो.

मग युवराजच्या छातीत तो कसा गेला? बाळ आईच्या पोटात असताना बीजपेशी सुरुवातीला दुसरीकडे असतात आणि हळूहळू सरकत आपल्या ठरलेल्या जागी पोचतात. त्या वाटेत काही पेशी शरीराच्या मधल्या रेषेत मागे राहतात, असं मानलं जातं. अशा मागे राहिलेल्या पेशींतून छातीत किंवा पोटाच्या मागच्या भागात गाठ होऊ शकते. हे फारच क्वचित घडतं.

भारतात वृषणाचा कॅन्सर एकूणच कमी आहे. वर्षाला लाख पुरुषांमागे एकही नाही. म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण आपल्याच घरात तो एक निघाला तर आपल्यासाठी आकडा शंभर टक्के असतो. म्हणून माहिती हवी.

कारण काय, याचं एकच उत्तर नाही. मार लागल्याने हा कॅन्सर होत नाही. चेंडू लागला, लाथ लागली, सायकलचा दांडा लागला, की पोऱ्या स्वतःला चाचपून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा हाताला लागते, इतकंच. हे कोणाच्या वाईट चालीचं फळ नाही. हस्तमैथुनाने होत नाही, बाईच्या संगतीने होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. ज्यांचं वृषण लहानपणी पिशवीत उतरलेलं नसतं, त्यांना धोका जास्त असतो. बापाला किंवा भावाला झाला असेल तरही थोडा जास्त असतो.

आयांनी इथे लक्ष द्यावं. बाळाला आंघोळ घालताना पिशवीत दोन्ही गोट्या हाताला लागतात का, ते बघा. सहा महिन्यांनंतरही एखादी उतरली नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्याचं ऑपरेशन साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत करून घ्यायचं असतं. "मोठा झाला की आपोआप उतरेल" म्हणत दहा-बारा वर्षं घालवू नका.

लक्षणं कोणती?

वृषणातल्या कॅन्सरचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा न दुखणारी गाठ हेच असतं. घोळ इथेच होतो. दुखत नाही म्हणून पोऱ्या गप्प बसतो. वृषण कडक होणं, एका बाजूचं मोठं होत जाणं, पिशवीत जडपणा वाटणं, पोटाच्या खालच्या भागात किंवा जांघेत सारखं ओढल्यासारखं वाटणं, हीसुद्धा लक्षणं आहेत. काही पुरुषांची छाती बायकांसारखी सुजते. आजार पोटातल्या गाठींपर्यंत पसरला तर कंबर-पाठ दुखते. फुप्फुसात गेला तर खोकला आणि धाप लागते.

गाठ छातीतच असेल तर न थांबणारा खोकला, छातीत दाब, थोडं चाललं तरी दम लागणं, वजन उतरणं ही चिन्हं दिसतात. कधी चेहरा आणि मान सुजते, मानेवरच्या शिरा फुगतात. असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता प्रमाणाचं भान ठेवून सांगते. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर पहिली शंका टीबीची घ्यायची आणि थुंकी तपासून घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट आहे. पण नुसत्या एक्स-रेवर सावली दिसली म्हणून टीबीच्या गोळ्या चालू झाल्या, थुंकीत टीबी निघालेला नाही, आणि महिना-दोन महिने झाले तरी पोऱ्याला फरक नाही, तर तिथेच थांबू नका. "साहेब, सिटी स्कॅन करून बघायचा का?" असं स्पष्ट विचारा. विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

तसंच पिशवीची प्रत्येक सूज कॅन्सर नसते. बहुतेक वेळा पाणी साचलेलं असतं, हर्निया असतो, शिरा फुगलेल्या असतात किंवा जंतुसंसर्ग असतो. पण हे ठरवायचं सोनोग्राफीने. अंदाजाने नाही, आणि गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याने हात लावूनही नाही. तरुण मुलाच्या पिशवीत पाणी साचलं असेल तर त्या पाण्यामागे गाठ लपलेली असू शकते. म्हणून सोनोग्राफी केल्याशिवाय कोणाला सुई टोचून पाणी काढू देऊ नका.

एक गोष्ट मात्र कॅन्सरपेक्षाही घाईची आहे. वृषणात एकदम असह्य दुखायला लागलं, सोबत उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा बंद होतो आणि साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं नाही तर ते वृषण हातचं जातं. रात्र असो की पाऊस, सकाळची वाट बघू नका.

घरी कसं तपासायचं?

महिन्यातून एकदा, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर. तेव्हा पिशवी सैल असते. एकेक वृषण दोन्ही हातांच्या अंगठा आणि बोटांमध्ये धरून हळुवार फिरवायचं. ते गुळगुळीत, थोडं घट्ट लागतं. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखा भाग लागतो, तो सगळ्यांनाच असतो. एक वृषण थोडं मोठं किंवा थोडं खाली लोंबणं हेही सगळ्यांमध्ये दिसतं. खड्यासारखं टणक काही लागलं, किंवा मागच्या महिन्यापेक्षा फरक वाटला, तर आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

वॉर्डात काम करताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली. वीस-बावीस वर्षांचा पोऱ्या केस पेपरवर "पोट दुखतं" असं सांगतो. मी नर्स, बाई माणूस. माझ्यासमोर त्याला बोलता येत नाही. आईला सांगता येत नाही, बापाला सांगायची सोय नाही, मित्र टिंगल करतील ही भीती. असे महिने जातात. पोरांनो, तोंडाने सांगता येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आहे, असं सांगा. त्यात कोणी तुम्हाला हसणार नाही. आणि बापांनो, काकांनो, मामांनो, पोराशी एकदा तरी हा विषय काढा. बाईच्या छातीतल्या गाठीबद्दल आता आपण विहारातल्या शिबिरात बोलतो. मग पुरुषाच्या गाठीबद्दल का नाही?

दवाखान्यात काय होतं?

पहिली तपासणी पिशवीची सोनोग्राफी. मग रक्तातल्या तीन खुणा तपासतात. त्यांची नावं एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. आजार किती पसरला हे बघायला छाती आणि पोटाचा सिटी स्कॅन करतात.

वृषणातल्या गाठीतून सुईने तुकडा काढून तपासत नाहीत, कारण त्याने आजार पसरण्याचा धोका असतो. जांघेत छोटा छेद घेऊन ते पूर्ण वृषण काढतात आणि तपासायला पाठवतात. छातीतल्या गाठीचा मात्र तुकडा घेऊनच निदान करावं लागतं. त्या रिपोर्टवर पुढचं सगळं अवलंबून असतं, म्हणून रिपोर्ट आल्याशिवाय औषधाची घाई करू नये.

आजार वृषणापुरताच असेल तर काही जणांना ऑपरेशनवरच भागतं आणि पुढे फक्त नियमित तपासणी लागते. पसरला असेल तर केमोथेरपी. त्यात साधारणपणे तीन औषधं असतात: सिसप्लाटिन, इटोपोसाइड आणि ब्लिओमायसिन. २१ दिवसांची एक फेरी, अशा तीन किंवा चार फेऱ्या. छातीतला सेमिनोमाही केमोला चांगली दाद देतो. छातीतल्या इतर काही जाती जास्त चिवट असतात, म्हणून नेमकी जात कळणं महत्त्वाचं.

या औषधांचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा कॅन्सर शरीरात पसरला की दहापैकी जेमतेम एक माणूस जगायचा. १९७४ मध्ये डॉ. आइनहॉर्न यांनी इंडियानापोलिसमध्ये प्लॅटिनम धातूपासून बनलेलं सिसप्लाटिन इतर औषधांसोबत वापरून पाहिलं आणि चित्र पालटलं. आज पसरलेल्या आजारातही दहापैकी आठ जण बरे होतात. हेच डॉक्टर ३८ वर्षांनी युवराजवर उपचार करत होते. म्हणजे युवराजला जे मिळालं ते गुपित औषध नव्हतं. ही तिन्ही औषधं जुनी आहेत, भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि मुंबईच्या परळला टाटा मेमोरियलमध्ये रोज दिली जातात.

पुन्हा खेळता येईल का? लग्नाचं काय?

आई-बाप हे विचारायला घाबरतात, म्हणून मीच सांगते. एक वृषण काढलं तरी दुसरं चांगलं असेल तर पुरुषपण जात नाही, शरीरसंबंधात अडचण येत नाही आणि मूलही होऊ शकतं. केमोमुळे शुक्राणू काही काळ कमी होतात. बऱ्याच जणांचे एक-दोन वर्षांत परत वाढतात, पण सगळ्यांचे नाही. म्हणून केमो सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय कुठे आहे, ते डॉक्टरांना विचारा. हे आधीच विचारायचं असतं, केमो सुरू झाल्यावर उपयोग नाही.

खेळ, धावणं, मेहनतीचं काम परत सुरू करता येतं, पण हळूहळू आणि डॉक्टरांना विचारून. ब्लिओमायसिन फुप्फुसावर परिणाम करू शकतं, म्हणून धावणाऱ्या पोराने हे औषध मिळाल्याचं डॉक्टरांना नेहमी सांगावं. पुढे कधी कसलंही ऑपरेशन झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावं. सिसप्लाटिनने किडनीला आणि कानाला त्रास होऊ शकतो. म्हणून सोबत भरपूर सलाईन लावतात.

केमो चालू असताना घरात काय करायचं?

केस जातात, ते परत येतात. मळमळ होते, तिच्यावर चांगल्या गोळ्या आहेत, मागून घ्या. सगळ्यात मोठी धोक्याची खूण म्हणजे ताप. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यामुळे साधा जंतूही जीवावर बेततो. ताप १०० च्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन बसू नका, लगेच दवाखान्यात जा. घरात थर्मामीटर ठेवा.

खाण्यापिण्याचं पथ्य म्हणून पोराला उपाशी मारू नका. डाळ, भाकरी, अंडी, मटण, मासे सगळं चालतं. फक्त ताजं आणि नीट शिजलेलं हवं. पाणी उकळून गार केलेलं द्या. भेटायला येणाऱ्यांची गर्दी कमी करा, सर्दी-खोकला असलेल्याला लांब ठेवा.

आणि मधेच उपचार सोडायचे नाहीत. दोन फेऱ्यांनंतर गाठ विरते, पोऱ्याला बरं वाटतं, हंगाम आलेला असतो, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि तो कामावर निघून जातो. उरलेल्या पेशी परत वाढतात, आणि तेव्हा त्यांना मारणं जास्त अवघड असतं. ठरलेल्या सगळ्या फेऱ्या वेळेवर पूर्ण करायच्या. पुढची पाच वर्षं तारखेला तपासणीला जायचं. जडीबुटीवाला, गाठ बसवून देणारा वैदू, दर्ग्याचा दोरा, यात गेलेला प्रत्येक महिना आजाराला मिळतो. गंडे-दोरे आपण १९५६ सालीच सोडले. संकटाच्या वेळी ते मागच्या दाराने घरात येऊ देऊ नका.

पैसा कुठून आणायचा?

आधी सावकाराकडे जाऊ नका, शेत किंवा दागिने गहाण टाकू नका. पहिली पायरी पिंपळनेरचं ग्रामीण रुग्णालय. तिथून धुळ्याच्या हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो दोन्ही बसतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटा, पैसे भरल्यानंतर नाही. योजनेचा फोन नंबर १५५३८८.

टाटा मेमोरियलमध्ये रिपोर्ट घेऊन थेट गेलं तरी फाईल काढता येते. जनरल विभागातून फाईल काढा आणि तिथल्या समाजसेवा विभागात परिस्थिती सांगा. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक राहतात. उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं तिकीट मोफत आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. एसटीतही सवलत आहे.

कापून ठेवा

१. न दुखणारी गाठ जास्त संशयाची. आठवड्याच्या आत दाखवा.
२. आधी सोनोग्राफी. पिशवीत सुई टोचू देऊ नका.
३. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा. टीबीच्या औषधाने फरक नसेल तर पुढची तपासणी मागा.
४. एकदम असह्य दुखलं तर त्याच तासाला निघा.
५. केमोआधी मुलाबाळांचा प्रश्न विचारा. केमोत ताप आला तर लगेच दवाखाना.
६. सोबत न्या: रेशन कार्ड, आधार कार्ड, सगळे जुने रिपोर्ट आणि एक्स-रे. एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून.

वस्तीतल्या मंडळांना एक विनंती. येत्या स्पर्धेच्या दिवशी मैदानावर बक्षीस वाटपाआधी दहा मिनिटं डॉक्टरांना बोलवा आणि पोरांना हे समोरासमोर सांगू द्या. मुलांची गर्दी तिथे आपोआप जमलेली असते, वेगळं शिबिर भरवावं लागत नाही. एक पोऱ्या जरी त्या रात्री घरी जाऊन स्वतःला तपासून बघेल, तरी ती दहा मिनिटं कामी आली.